मुक्त स्रोत ब्राउझर आणि चित्रफीत-संकेतनाचे परवाने : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : महाराष्ट्रातील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प)

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, या शहराचा आणि दूरचित्रवाणी संचाचा संबंध जुना आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा कारखाना उभा राहिला आणि या औद्योगिक पट्ट्याचे नाव घरोघरी पोहोचले. याच समूहाने २००९ मध्ये उपग्रहाद्वारे थेट घरात वाहिन्या पोहोचविणारी ‘डीटूएच’ सेवा सुरू केली. तिच्या पेटीत एमपेग-४ प्रकारच्या चित्रसंकेताची उकल करण्याची सोय होती. अशा कारखान्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक संच मोजता येतो, त्याला क्रमांक असतो, त्याची किंमत ठरलेली असते. त्यामुळे प्रत्येक संचामागे ठरावीक स्वामित्वशुल्क आकारणे हे अशा उद्योगात सहज शक्य असते.

याच शहरातील उस्मानपुरा परिसरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन या संस्था आहेत. अशा संस्थांच्या संगणक कक्षात जी मुक्त स्रोत आज्ञावली वापरली जाते, तिचा व्यवहार याच्या नेमका उलट असतो. एका प्रतीवरून संपूर्ण कक्षातील संगणकांवर ती बसविली जाते, विद्यार्थी ती पेन ड्राइव्हवर घरी नेतात, मित्रांना देतात आणि यातील कोणतीही प्रत कोणी मोजत नाही. न मोजता वाटण्याचा हा अधिकार हेच मुक्त स्रोत परवान्याचे मूळ तत्त्व होय.

मोजून विकल्या जाणाऱ्या संचासाठी घडलेली परवाना-व्यवस्था आणि न मोजता वाटला जाणारा ब्राउझर यांचा संघर्ष एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जगभर झाला. वरवर पाहता तो तांत्रिक स्वरूपाचा वाटतो. तथापि संगणकावर चित्र पाहण्याचा आणि चित्राद्वारे शिकविण्याचा हक्क कोणाच्या अनुमतीवर अवलंबून असावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात या संघर्षाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) चित्रफीत-संकेतनाच्या परवाना-व्यवस्थेचा उदय समजून घेणे.
२) मुक्त स्रोत ब्राउझरांनी या व्यवस्थेला दिलेला नकार आणि नंतर स्वीकारलेली तडजोड यांची कारणमीमांसा करणे.
३) महाराष्ट्रातील एका शैक्षणिक प्रकल्पाच्या आधारे या प्रश्नाचे स्थानिक स्वरूप स्पष्ट करणे.
४) भारतीय पेटंट कायद्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. संकेतनाची गरज आणि परवाना-समूहाचा उदय :

चित्रफितीचे संकेतन का करावे लागते, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होते. ६४० बाय ४८० बिंदूंचे चित्र घेतले तर एका चौकटीत ३,०७,२०० बिंदू येतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्यास सेकंदाला सुमारे १८ कोटी ४३ लाख बिट साठवावे लागतात. दहा मिनिटांच्या पाठासाठी हा साठा जवळजवळ १३.८ गिगाबाइट होतो, तर एका सीडीवर केवळ ७०० मेगाबाइट मावतात. लागोपाठच्या चौकटींतील न बदललेला भाग पुन्हा न लिहिणे, हालचालीचा अंदाज बांधणे आणि डोळ्यांना न जाणवणारा तपशील वगळणे, या युक्त्यांनी हा साठा कित्येक पटींनी कमी करता येतो. या युक्त्यांचा संच म्हणजे ‘कोडेक’ होय.

या क्षेत्रात एकसूत्रता आणण्यासाठी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या छत्राखाली ‘एमपेग’ हा तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या मानकांत अनेक कंपन्यांच्या पेटंटप्राप्त युक्त्या एकत्र आल्या. प्रत्येक उत्पादकाने प्रत्येक पेटंटधारकाशी स्वतंत्र करार करणे अशक्यप्राय असल्याने १९९६ मध्ये अमेरिकेत ‘एमपेग एलए’ ही परवाना देणारी खासगी संस्था उदयास आली. नावातील साम्यामुळे अनेकदा गल्लत होते, परंतु मानक तयार करणारा गट आणि परवाना देणारी संस्था यांचा परस्परांशी संघटनात्मक संबंध नव्हता. एमपेग-२ साठी २००२ पासून उकल करणाऱ्या प्रत्येक संचामागे अडीच डॉलर आकारले जात. डीव्हीडी यंत्र किंवा दूरचित्रवाणीची पेटी बनविणाऱ्यास ही रक्कम किमतीत मिळविणे शक्य होते.

मे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक मान्य झाले. पूर्वीच्या मानकांपेक्षा ते बरेच कार्यक्षम होते आणि त्याचे शुल्कही कमी होते. वर्षाला पहिल्या एक लाख प्रती विनाशुल्क, त्यापुढे ५० लाखांपर्यंत प्रत्येक प्रतीमागे २० सेंट आणि त्याहून अधिक प्रतींवर १० सेंट, असा दर ठरला. एका कंपनीने भरावयाच्या वार्षिक रकमेस कमाल मर्यादा होती. ती २००९ व २०१० या वर्षांसाठी ५० लाख डॉलर, तर २०११ पासून ६५ लाख डॉलर होती.

२. थिओरा : मुक्त पर्यायाचा जन्म :

याच सुमारास दुसरा प्रवाह आकार घेत होता. ‘ऑन२’ या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये आपला व्हीपी३ हा कोडेक मुक्त स्रोत म्हणून खुला केला आणि त्यावरील पेटंटांचा वापर कायमस्वरूपी विनाशुल्क करू दिला. ‘झिफ’ या ना-नफा संस्थेने त्यावर आधारित ‘थिओरा’ विकसित केला. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘ऑग’ या धारिका-स्वरूपात थिओराचे चित्र व ‘व्हॉर्बिस’चा ध्वनी एकत्र ठेवला जाई. अशा धारिकांची ओळख ‘ओजीव्ही’ या शेपटावरून पटत असे.

मुक्त स्रोत जगाला अशा पर्यायाची निकड होती. रेड हॅट कंपनीने २००२ मध्येच आपल्या लिनक्स वितरणातून एमपी३ ध्वनीची सोय पेटंटच्या कारणावरून काढून टाकली होती. पुढे तिच्या पाठबळावर चाललेल्या फेडोरा प्रकल्पाने हेच धोरण चालविले. रेड हॅटचे एक महत्त्वाचे विकासकेंद्र पुण्यात असल्याने लिनक्सच्या मराठीकरणात तेथील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. म्हणजे ज्या प्रणालीत मराठी अक्षरे सुबकपणे उमटली, त्याच प्रणालीत पेटंटबद्ध स्वरूपातील चित्रफीत मात्र मूळ संचासह चालत नसे. अक्षरावर कोणाचे पेटंट नव्हते, चित्राच्या संकेतनावर होते.

३. एचटीएमएल५ मधील वाद (२००७ ते २००९) :

२००७ पूर्वी ब्राउझरमध्ये चित्रफीत पाहण्यासाठी फ्लॅशसारखी खासगी मालकीची जोडणी लागत असे. फेब्रुवारी २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने चित्रफितीसाठी स्वतंत्र घटक एचटीएमएलमध्येच असावा, असा प्रस्ताव मांडला. एचटीएमएल५ च्या मसुद्यात हा घटक आला आणि ब्राउझरांनी ऑग थिओरास आधार द्यावा, अशी शिफारसही त्यात करण्यात आली. नोकिया व ॲपल यांनी तिला आक्षेप घेतला. थिओरासाठी हार्डवेअरमध्ये सोय नाही आणि त्यावर एखादे अज्ञात पेटंट पुढे निघू शकते, असा विरोधकांचा मुद्दा होता. डिसेंबर २००७ मध्ये ही शिफारस मसुद्यातून काढण्यात आली.

२००९ च्या मध्यास मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी सर्वमान्य कोडेक नसल्याचे जाहीर केले. त्या वेळची स्थिती पुढीलप्रमाणे होती. ॲपल थिओरा स्वीकारावयास तयार नव्हते. मोझिला व ऑपेरा एच.२६४ स्वीकारावयास तयार नव्हते. गूगलने क्रोममध्ये दोन्ही दिले, परंतु क्रोमचा मुक्त स्रोत गाभा असलेला क्रोमियम इतरांनी वितरित केल्यास गूगलचा परवाना त्यांना लागू होत नव्हता. मायक्रोसॉफ्टने भूमिका स्पष्ट केली नव्हती. अखेर मानकात चित्रफितीचा घटक राहिला, मात्र त्यात कोणता कोडेक चालावा याविषयी मानक मौन राहिले.

४. फायरफॉक्सचा नकार आणि त्याची कारणे :

३० जून २००९ रोजी मोझिलाचा फायरफॉक्स ३.५ प्रसिद्ध झाला. त्यात थिओराची सोय अंगभूत होती, एच.२६४ ची नव्हती. जानेवारी २०१० मध्ये यूट्यूबने एचटीएमएल५ पद्धतीची प्रायोगिक सेवा एच.२६४ मध्ये सुरू केली आणि फायरफॉक्सचे वापरकर्ते त्यातून वगळले गेले. तेव्हा मोझिलावर मोठी टीका झाली.

मोझिलाचा नकार केवळ पैशाच्या अभावी होता, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. ब्राउझरच्या वर्षाला दहा कोटी प्रती वाटल्या गेल्या असे धरले, तर वरील दराने शुल्क सुमारे एक कोटी पाच लाख डॉलर होते आणि कमाल मर्यादेमुळे ते ५० लाखांवर थांबते. ही रक्कम मोठी असली तरी मोझिलास सर्वस्वी अशक्य नव्हती. खरी अडचण पुढची होती. हा परवाना मोझिलाने स्वतः दिलेल्या प्रतींपुरताच राहिला असता. लिनक्स वितरणांनी, महाविद्यालयांनी किंवा एखाद्या हौशी अभ्यासकाने मूळ आज्ञावलीत बदल करून वाटलेल्या प्रतींना त्याचे संरक्षण नव्हते. मुक्त स्रोत जगातील प्रमुख परवाना असलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतील सातव्या कलमाने तर अशी तरतूद केली आहे की, पेटंटमुळे पुढील सर्वांना विनाशुल्क वितरण करता येत नसेल तर ती आज्ञावली वितरितच करू नये. प्रत्येक वापरकर्ता हा संभाव्य वितरक असतो, हे मुक्त स्रोताचे तत्त्व आणि वितरक म्हणजे उत्पादक, हे परवाना-समूहाचे गृहीतक एकत्र नांदू शकत नव्हते.

ऑगस्ट २०१० मध्ये एमपेग एलएने विनामूल्य दाखविल्या जाणाऱ्या आंतरजालावरील एच.२६४ चित्रफितींवर कधीही शुल्क न घेण्याचे जाहीर केले. अनेकांना त्यामुळे वाद मिटला असे वाटले. परंतु ही सवलत चित्रफितीच्या प्रसारणाला होती. ती पाहण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावलीवरील शुल्क कायम होते. येथे दाखविणाऱ्याला सूट मिळाली, पाहण्याचे साधन फुकट वाटणाऱ्याला मिळाली नाही.

५. व्हीपी८, सिस्को आणि तडजोड :

फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने ऑन२ कंपनी ताब्यात घेतली आणि १९ मे २०१० रोजी तिचा व्हीपी८ हा कोडेक ‘वेबएम’ प्रकल्पाचा भाग म्हणून खुला केला. मार्च २०११ मधील फायरफॉक्स ४ मध्ये त्याचा समावेश झाला. जानेवारी २०११ मध्ये क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणा गूगलने केली, मात्र ती कधीही अमलात आली नाही. एमपेग एलएने फेब्रुवारी २०११ मध्ये व्हीपी८ ला लागू होणारी पेटंटे सादर करण्याचे आवाहन केले. या वादाचा शेवट मार्च २०१३ मध्ये गूगल आणि ११ पेटंटधारक यांच्यातील कराराने झाला.

दरम्यान भ्रमणध्वनीचे युग आले. भ्रमणध्वनीत एच.२६४ ची उकल हार्डवेअरमध्येच होत असल्याने त्याला वगळणे अवघड झाले. मार्च २०१२ मध्ये मोझिलाने, कार्यकारी प्रणालीत आधीच असलेल्या उकल-यंत्रणेचा उपयोग करण्याचा निर्णय घेतला. ज्या यंत्राचे शुल्क उत्पादकाने भरले आहे, त्या यंत्रणेस ब्राउझरने केवळ काम सांगावे, असा हा मार्ग होता. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सिस्को कंपनीने ‘ओपनएच२६४’ जाहीर केले. त्याची मूळ आज्ञावली मुक्त होती, परंतु पेटंटचे संरक्षण फक्त सिस्कोने स्वतः तयार करून दिलेल्या प्रतीस होते. त्यामुळे २०१४ मधील फायरफॉक्स ३३ पासून हा भाग वापरकर्त्याच्या संगणकावर थेट सिस्कोकडून उतरू लागला. प्रतींचे शुल्क कमाल मर्यादेपर्यंत सिस्को भरणार होते. थोडक्यात, मोजणीचे फाटक नाहीसे झाले नाही, ते दुसऱ्याच्या दारात उभे केले गेले. आज्ञावली वाचण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले, बदललेली प्रत निर्धास्तपणे वाटण्याचे मिळाले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्राउझरमधील थेट संवादासाठी व्हीपी८ व एच.२६४ हे दोन्ही अनिवार्य करण्याची तडजोड झाली.

एच.२६४ चा उत्तराधिकारी असलेल्या एचईव्हीसी या २०१३ च्या मानकाने चित्र पालटले. त्यासाठी २०१४, २०१५ व २०१७ मध्ये एकामागून एक तीन परवाना-समूह निर्माण झाले आणि एकूण शुल्क किती, हे मोठ्या कंपन्यांनाही सांगता येईना. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला व नेटफ्लिक्स यांनी विनाशुल्क कोडेकसाठी आघाडी स्थापन केली. मार्च २०१८ मध्ये तिचा ‘एव्ही१’ प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये मोझिलाने तत्त्व म्हणून जे मागितले होते, ते २०१५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी सोय म्हणून मागितले.

६. महाराष्ट्रातील उदाहरण : स्पोकन ट्युटोरियल :

या जागतिक घडामोडींचे प्रतिबिंब महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात स्पष्ट दिसते. केंद्र शासनाने २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याच्या अर्थसाहाय्याने प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प विस्तारला. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन, पीएचपी यांसारख्या मुक्त स्रोत साधनांचे सुमारे दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य पाठ त्यात तयार झाले आणि मराठीसह २२ भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. फायरफॉक्स कसा वापरावा, याचीही पाठमाला त्यात आहे. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष आज्ञावली उघडून विद्यार्थ्याने सोबत करून पाहावे, अशी ही पद्धती आहे. शिक्षक उपलब्ध नसतानाही स्वतः शिकता यावे, हा तिचा हेतू होय. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास स्वभाषेत संगणक शिकविणारे असे साधन मराठीत विरळच होते.

हे पाठ ओजीव्ही स्वरूपात, म्हणजे थिओरा कोडेकमध्ये, दिले जात. या निवडीमागील संगती सहज कळते. नव्याने बसविलेल्या लिनक्स संगणकावर एच.२६४ ची धारिका उघडावयाची तर वेगळे संच उतरवावे लागत आणि आंतरजाल-जोडणी नसलेल्या कक्षात ते शक्य नसे. थिओराची धारिका मात्र मूळ प्रणालीत आणि फायरफॉक्समध्ये तत्काळ चाले. शिवाय हे पाठ मुक्त परवान्याखाली वाटण्यासाठीच होते. मुक्त आज्ञावली शिकविणारा पाठ पाहण्यास पेटंटबद्ध साधन लागावे, हा विरोधाभास या निवडीने टळला. विकिपीडिया परिवारातही हाच विचार दिसतो. विकिमीडिया कॉमन्सवर २०१४ च्या आरंभी एमपी४ स्वीकारावे की नाही, यावर सदस्यांत चर्चा होऊन तो प्रस्ताव फेटाळला गेला. मराठी विकिपीडियावरील लेखांत येणाऱ्या चित्रफितींसही हेच धोरण लागू झाले.

परंतु इतिहास येथे थांबला नाही. २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून थिओरा वगळण्याचा निर्णय जाहीर केला. वापर अत्यल्प आणि सुरक्षेचा धोका अधिक, असे कारण देण्यात आले. फायरफॉक्सच्या विकासकांनीही त्याच दिशेने पाऊल टाकले. ज्या धारिका पेटंटच्या भयापासून सुरक्षित होत्या, त्या ब्राउझरच्या विस्मरणापासून सुरक्षित राहिल्या नाहीत. तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. थिओराची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्याने जुन्या पाठांचे वेबएममध्ये रूपांतर करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. मुक्त स्वरूप कालबाह्य होऊ शकते, पण ते कुलूपबंद होत नाही.

७. भारतीय कायद्याची भूमिका :

पेटंट कायदा, १९७० मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले व ते मे २००३ पासून अमलात आले. गणिती पद्धती, व्यवसाय पद्धती, निव्वळ संगणक आज्ञावली व अल्गोरिदम यांना या कलमान्वये पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोडलेली आज्ञावली यांस सूट देण्याचा प्रयत्न झाला. मुक्त आज्ञावलीचे पुरस्कर्ते व डावे पक्ष यांनी त्यास विरोध केला आणि २००५ च्या अधिनियमात ही सूट वगळून जुनाच मजकूर कायम ठेवण्यात आला.

तथापि ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ वादग्रस्त राहिला. एरिक्सन विरुद्ध इंटेक्स या प्रकरणातील पेटंटांत ध्वनिसंकेतनाच्या कोडेकचाही समावेश होता. त्यात कलम ३(के) चा बचाव मांडला गेला, परंतु २०१५ च्या अंतरिम आदेशात दिल्ली उच्च न्यायालयाने तो प्रथमदर्शनी मान्य केला नाही. म्हणून भारतात कोडेकवर पेटंट लागूच होत नाही, असे विधान करणे धाडसाचे ठरेल. दुसरीकडे शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. मानकासाठी आवश्यक पेटंटे मानकाच्या संपूर्ण कालावधीसाठी विनाशुल्क असावीत, अशी अट त्यात घालण्यात आली. एमपेग एलएच्या परवाना-पद्धतीपेक्षा ही भूमिका मोझिलाच्या भूमिकेस अधिक जवळची आहे.

निष्कर्ष :

१) चित्रफीत-संकेतनाची परवाना-व्यवस्था मोजता येणाऱ्या संचांसाठी निर्माण झाली. मुक्त स्रोत ब्राउझरशी तिचा विरोध रकमेपेक्षा तत्त्वाचा अधिक होता.
२) २०१२ ते २०१४ या काळातील तडजोडींनी वापरकर्त्याची अडचण दूर केली, परंतु पुनर्वितरणाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सोडविला नाही.
३) विनाशुल्क कोडेकचा विजय चळवळीच्या बळावर जितका झाला, तितकाच एचईव्हीसीच्या परवान्यांतील गोंधळामुळे झाला.
४) स्पोकन ट्युटोरियलच्या उदाहरणावरून असे दिसते की, भारतीय भाषांतील शैक्षणिक साहित्यासाठी धारिका-स्वरूपाची निवड हा शैक्षणिक धोरणाचा भाग आहे.
५) मुक्त स्वरूपाची निवड पुरेशी नाही. साहित्याचे वेळोवेळी नव्या स्वरूपात रूपांतर करण्याची तरतूदही प्रकल्पात असावयास हवी.

समारोप :

पेटंटास मुदत असते. अमेरिकेत एमपेग-२ वरील अखेरची पेटंटे २०१८ मध्ये संपली, तर एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. व्हिडिओकॉनसारखा समूहही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. परवाने संपतात, कंपन्या बदलतात, ब्राउझरच्या आवृत्त्या जुन्या होतात. मराठीत तयार झालेला एखादा पाठ मात्र दहा-वीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडू शकतो. महाविद्यालये, विद्यापीठे व ग्रंथालये आज मोठ्या प्रमाणावर व्याख्यानांच्या चित्रफिती तयार करीत आहेत. त्या कोणत्या स्वरूपात जतन कराव्यात, हा निर्णय बहुतेक ठिकाणी चित्रण करणाऱ्या तंत्रज्ञावर सोपविला जातो. ग्रंथ कोणत्या कागदावर छापावा याचा विचार ज्या गांभीर्याने केला जातो, त्याच गांभीर्याने या प्रश्नाचाही विचार होणे अगत्याचे आहे.